आधी पाय, मग पाट

गिऱ्हाईक रेनकोट घालून आरशासमोर उभं राहिलं, की अक्का म्हणायच्या, "आता बसा."

गिऱ्हाईक स्टुलावर बसायचं. मग अक्का शांतपणे तांब्या उचलायच्या आणि त्याच्या मांडीवर पाणी ओतायच्या. थेंबभर नाही, चांगला अर्धा तांब्या. माणूस दचकून उठायला लागला की खांद्याला धरून त्याला परत खाली बसवायच्या. "बसा की. गाडीवर बसल्यावर पानी मांडीतच साठतंय. उभ्या उभ्या पावसात कोन फिरतंय?" पाणी आत झिरपलं तर पुढं टॉवेल यायचा आणि दुसरा रेनकोट. नाही झिरपलं तर एकच शब्द, "न्या."

माझी त्यांची ओळख अशीच ओल्या मांडीनं झाली. शाहूपुरीत त्यांच्या दुकानाच्या शेजारचा गाळा मी सहलींच्या ऑफिससाठी घेतला, तेव्हा जुलै चालू होता आणि माझ्याकडं धड रेनकोट नव्हता. हातात एक छान निळा, हलका रेनकोट घेऊन मी किंमत विचारली. त्यांनी मलाच विचारलं, "कुठलं पावणं?"

"चंदगडचा."

"मग ठेवा त्यो खाली. तुमच्याकडला पाऊस म्हंजे पाऊस न्हवं, शिक्षा हाय." आणि त्यांनी एक जाडजूड, राखाडी, कुणीही फोटो काढणार नाही असा रेनकोट पुढं टाकला. "दिसायला न्हवं, टिकायला घ्या." तो अजून माझ्याकडं आहे.

अक्का म्हणजे आमच्या सगळ्या गल्लीच्या अक्का. माहेर जयसिंगपूरचं, जैन व्यापारी घरातलं. उंच, रुंद खांद्यांच्या, आवाज समोरच्या फुटपाथपर्यंत जाणारा. कोल्हापूरच्या अनेक बायकांसारख्या त्याही "मी जातो, मी येतो" असंच बोलायच्या आणि खरोखर तशाच जायच्या-यायच्या. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्या आणि त्यांच्या सासूबाई, अव्वा, दोघीच राहायच्या. मूलबाळ नव्हतं. नवरा मी शेजारी येण्याच्या आदल्या वर्षी गेला होता. दुकान त्याचं होतं. अक्कांनी तेराव्यानंतर शटर उघडलं आणि ते चालू ठेवलं. पावसाळ्यात रेनकोट, थंडीत स्वेटर, उन्हाळ्यात टोप्या.

एक गोष्ट मात्र मला बसल्या जागेवरून दिसायची. तुम्हीही अशा घरांत पाहिली असेल. रस्त्यात मोठ्यानं हसत-खिदळत येणारी माणसं त्यांच्या पायरीवर पाय ठेवला की आवाज खाली आणायची. शाहूपुरीतला माणूस आवाज खाली आणतो म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. बायका हात हातात घेऊन विचारायच्या, "कसं चाललंय गं? जेवतीस न्हवं?" अक्का म्हणायच्या, "जेवतो की. तुला रेनकोट पायजे का?" बायका बाहेर पडताना एकमेकींना म्हणायच्या, "बिचारी." तो शब्द अक्कांना ऐकू जायचा. त्यांचे कान चांगले होते.

मनालीच्या सहलीत त्या आल्या त्या अव्वांच्या हट्टानं. मरायच्या आत बर्फ बघायचा, असं म्हाताऱ्या अव्वांनी जाहीर केलं आणि माझ्या बसच्या पहिल्या सीटवर दोघी येऊन बसल्या. वर बर्फात पोहोचल्यावर जे सगळे करतात ते आमच्या लोकांनी केलं. भाड्याचे फरचे कोट, भाड्याचे गमबूट, एकमेकांवर गोळे, गरम मॅगी, आणि अर्ध्या तासात "चला आता, पाय गारठले." अव्वांनी चिमूटभर बर्फ तळहातावर घेतला, तो वितळेपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "बरं हाय." त्यांचं काम झालं होतं.

अक्का मात्र बसकडं येईनात. ड्रायव्हरचा हॉर्न वाजवून झाला, माझ्या हाका मारून झाल्या. त्या उताराच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. वरून एक मुलगी एका फळीवर आडवी उभी राहून खाली येत होती. दोन्ही पाय फळीला बांधलेले, हात सैल. डावीकडं झुकली की डावीकडं, उजवीकडं झुकली की उजवीकडं, जणू कुणी तिला उतारावरून हळूच ओतत होतं. ती त्यांच्यासमोर येऊन थांबली तेव्हा बर्फाचा भुगा अक्कांच्या साडीवर उडाला.

ती तिथली शिकवणारी होती. मागून तिचे विद्यार्थी पडत-झडत येत होते. एक पन्नाशीचे गृहस्थ असे काही आपटले, की आमच्या बसमधल्या दोन बायका "अगं बाई!" म्हणाल्या. ती मुलगी हसली आणि ओरडली, "उठो, उठो! घुटने मोडो!" ते गृहस्थही हसले आणि उठले.

अक्का बसमध्ये आल्या, खिडकीशी बसल्या आणि उतार दिसेनासा होईपर्यंत मान वळवून मागं बघत राहिल्या. घाट उतरून झाल्यावर म्हणाल्या, "पावणं, त्यो पाट मला शिकायचाय."

"कसला पाट?"

"त्यो न्हाय का, पायाखाली बांधतात त्यो."

त्याचं नाव स्नोबोर्ड, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी एकदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. तो त्यांच्यासाठी कायम पाटच राहिला.

मला वाटलं, घरी गेल्यावर विसरतील. माझ्या धंद्यात हे रोज घडतं. लोक डोंगरात शपथा घेतात आणि पुणं यायच्या आतच त्या विसरतात. पण आठवड्याभरातच त्या माझ्या ऑफिसात आल्या आणि त्या मुलीचा फोन नंबर मिळवा म्हणाल्या.

तोपर्यंत गल्लीभर बातमी झाली होती. खेळाच्या सामानाचा एक व्यापारी स्वतःहून आला. मोबाईलवर त्यानं पूर्ण सेट दाखवला. पाटावर गरुडाचं चित्र, त्याला जोडलेले पट्टे, काळे चमकदार बूट, जाकीट, सगळं एकत्र. ऑर्डर दिली की थेट घरपोच. "शिकायचंच तर भारीतलं घ्या, अक्का. परत परत कोण घेतंय?"

अक्का चित्राकडं बघत राहिल्या. गरुड सुंदर होता. मग त्यांनी विचारलं, "बूट घालून बघायला मिळतील?"

"नाही, ते मागवल्यावरच येणार."

"मी दोन-चार पावसाळ्याचा रेनकोटबी घालून बघितल्याबिगर देत न्हाय," अक्का म्हणाल्या. "आनि तुमी मला न बघता पाय कापून द्या म्हनताय."

घरात विरोध झाला तो धाकट्या दिराचा. ते रविवारी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, या वयात हात-पाय मोडून घेतलेत तर बघणार कोण?" मी तेव्हा पाहुण्यांच्या खुर्चीत होतो आणि उठून जावं की बसावं, हे मला कळत नव्हतं. प्रश्न खोटा नव्हता. उत्तर दिलं अव्वांनी, कोपऱ्यातल्या खाटेवरून. "मी बघतो की. माझं अजून काय मोडलंय?"

मनालीतल्या त्या मुलीचा नंबर आमच्या तिथल्या ड्रायव्हरनं मिळवून दिला. फोन स्पीकरवर ठेवून अक्कांनी आपल्या हिंदीत विचारलं, "बेटा, पहला पाट कौनसा लेना?"

पलीकडून ती हसली. "दीदी, पहला बोर्ड मत लो." पाट भाड्यानं घ्यायचा, इथं आल्यावर. नवख्याला मऊ, वाकणारा लागतो, हनुवटीच्या आसपास उंचीचा. शिकल्यावर आवड बदलते, वजनाप्रमाणं निवड बदलते, तेव्हा आधीच विकत घेऊन घरात भिंतीला टेकवून ठेवण्यात अर्थ नाही. विकत घ्यायचे ते बूट. भाड्याचे बूट शंभर पायांनी सैल केलेले असतात. टाच आत उचलली गेली की पाट ऐकत नाही. आणि हेल्मेट नवंच घ्यायचं, कुणाचं वापरलेलं नाही, कारण आतून तडा गेलेला डोळ्यांना दिसत नाही. मनगटाचे पट्टे घ्या. बाकी अंगावर काहीही चालेल, फक्त सुती नको आणि पाणी आत यायला नको.

"पानी आत यायचा विषय माझ्याकडं सोड," अक्का मराठीतच म्हणाल्या आणि ते तिला समजलंही. फोन ठेवून माझ्याकडं वळल्या. "ऐकलंत? आधी पाय, मग पाट."

आणखी एक गोष्ट ती मुलगी म्हणाली होती. पुढं कुठला पाय राहणार ते आधी कळायला हवं. त्यासाठी बेसावध असताना कुणीतरी मागून हलकेच ढकलायचं. जो पाय सावरायला पुढं येईल तो पुढचा. अक्का दुकानात पाठ करून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "ढकला."

तुम्हीच सांगा, भर शाहूपुरीत, दिवसाढवळ्या, अक्कांना मागून कसं ढकलायचं? मी हात पुढं केला, मागं घेतला. समोरचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन उभा राहिला. "अवो ढकला की, पावणं! ब्येसावध हाय मी!" त्या ओरडल्या. एवढ्यात जिन्यातून खाली आलेल्या अव्वांनी हातातली काठी उलटी धरली आणि सुनेच्या पाठीत टोचली. अक्का धडपडत काउंटरपर्यंत गेल्या. उजवा पाय पुढं.

हे फोनवर कळवल्यावर ती मुलगी आनंदानं म्हणाली, "दायाँ पैर आगे? दीदी, आप तो गूफी हो!"

अक्कांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "शिवी हाय का ही?"

बूट घ्यायला आम्ही पुण्याला गेलो. मला ऑफिसचं काम होतंच, त्या माझ्याबरोबर एसटीनं निघाल्या. दुकान मोठं, काचेचं, गारेगार. विक्रेत्या तरुणानं सवयीनं पाटांच्या भिंतीकडं नेलं. अक्का भिंतीकडं पाठ करून खाली बसल्या आणि पिशवीतून लोकरीच्या मोज्यांची जोडी काढली. "एकच जोडी घालायची असते. लई घातले की पाय आत फिरतोय," असं त्यांनीच त्याला सांगितलं.

पहिला प्रश्न होता, "चामडं हाय का ह्यात?" ज्यात होतं ते बाजूला गेले. पिसं भरलेली जाकिटं त्यांनी लांबूनच नाकारली. "कुनाची तरी पिसं उपटून मी ऊब घेऊ व्हय?" हातमोज्यांतही बहुतेकांच्या तळव्याला चामडं, म्हणून सगळा ढीग उपसून एक कापडी जोडी शोधली. त्या तरुणाला वाटलं असावं, की आता काही विकलं जाणार नाही.

मग बूट. एक घातला, उभ्या राहिल्या. बोटं पुढं टेकली. गुडघे वाकवले, बोटं जरा मागं आली. टाच उचलून पाहिली, उचलली गेली. दुसरा. तिसरा इतका छान बसला, की तो तरुण बिल करायला निघालाच. पण अक्का म्हणाल्या, "थांबा. तासभर बसतो मी ह्यात."

"तासभर?"

"दुखायचं आसंल तर हितं दुखू दे. वर दुखून काय उपेग?"

संध्याकाळ होत आली होती. अक्का सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या. त्यांनी तिथंच, त्या काचेच्या दुकानात, अंतराळवीरासारखे बूट पायात घालून डबा उघडला. भाकरी, मुगाची उसळ, शेंगाची चटणी. मला दिली, त्या तरुणालाही दिली. तोही मांडी घालून समोर बसला. म्हणाला, माझी आजी सांगलीची. जेवण होईपर्यंत कुठं टोचलं नाही. बूट मागच्या हंगामातले होते, मोहरीच्या रंगाचे. तो रंग कुणालाच नको होता आणि म्हणूनच ते परवडणारे होते. "लोक बर्फात पायाकडं बघत्यात व्हय?" अक्का म्हणाल्या.

हेल्मेट घेतलं. मनगटाचे पट्टे हातात घेतले, उलटसुलट पाहिले, किमतीची चिठ्ठी वाचली आणि ठेवून दिले. "हे काय, हाताला फळ्या बांधल्यागत. माझं मनगाट कनीक तिंबून घट झालंय." तेवढंच त्या दिवशी राहिलं.

विजार त्यांनी स्वतः बेतली. आपल्या सगळ्यात भारी रेनकोटचं कापड, शिवणींवर आतून गरम इस्त्रीनं चिकटवलेली पट्टी, गुडघ्याला आणि बसायच्या जागेला दुहेरी थर. आत उशांत भरतात तो कृत्रिम कापूस. दुकानात विजार घालून त्या स्टुलावर बसल्या आणि अव्वांनी तांब्या ओतला. आत थेंब नाही. सासू-सुनेनं एकमेकींकडं जे पाहिलं, ते एखाद्या कारखान्याचं उद्घाटन झाल्यासारखं होतं.

जानेवारीत त्या माझ्या सहलीबरोबर वर आल्या आणि त्या मुलीच्या घरी राहिल्या. मी प्रवाशांना घेऊन बाकीची ठिकाणं करून परत येणार होतो. पहिला दिवस मात्र मी डोळ्यांनी पाहिला. भाड्याचा साधा हिरवा पाट, त्यावर मोहरी रंगाचे बूट घट्ट बांधलेले. अक्का उभ्या राहिल्या, पाट हलला, अक्का बसल्या. इथपर्यंत सगळ्यांचंच होतं. पण बाकीचे पडल्या जागी थांबत, अक्का थांबेनात. रेनकोटचं गुळगुळीत कापड! त्या बसल्या बसल्याच उतारावरून सरळ निघाल्या, हात वर करून, "व्हा बाजूला! व्हा बाजूला!" ओरडत. दोन परदेशी माणसं, एक कुत्रा आणि चहावाला बाजूला झाले. खाली थांबल्या तेव्हा सगळा उतार हसत होता, आणि सगळ्यात मोठ्यानं अक्का हसत होत्या.

चहाच्या टपरीवर त्यांनी मला ते सांगितलं. आजूबाजूला बघत, पहिल्यांदाच खालच्या आवाजात. "पावणं, हितं पडलं की कोन हळहळत न्हाय. हसत्यात आनि ऊठ म्हनत्यात. आमच्याकडं मी पडलोबी न्हवतो, तरी सगळी उचलायला यायची."

मी चहा प्यायलो.

बसायच्या जागेवर त्यांनी त्याच रात्री जुन्या पोत्यासारखं खरखरीत कापड शिवलं. दुसऱ्या दिवशी पाटाच्या टाचेकडच्या कडेवर तोल धरून झाडाचं पान पडतं तशा त्या इकडून तिकडं, तिकडून इकडं करत खाली आल्या. हे त्या शिकवणाऱ्या मुलीनं फोनवर मला ओरडूनच सांगितलं. आणि तिसऱ्या दिवशी पुढं पडताना हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं.

कोल्हापुरात त्या प्लास्टर घालून उतरल्या. दीर स्टेशनवर आले होते. भला माणूस, त्यांनी फक्त बॅग उचलली. पण न बोललेलं सगळ्यांनाच ऐकू आलं. दुकानात पुन्हा ती रांग सुरू झाली. हात हातात घ्यायला आता प्लास्टर होतं. "कशाला गं जायचं होतं? काय कमी होतं?" आणि पायरी उतरताना तोच शब्द. मला वाटलं होतं, अक्का एखादीला तरी फटकारतील. त्या फक्त मान हलवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "जितं पैशाकडं बघायचं न्हवतं, तितंच बघितलं. पट्टे घ्यायला पायजे हुते." त्यापलीकडं त्यांनी तो विषय काढला नाही.

प्लास्टर निघालं. पावसाळा लागला. एके दिवशी मोहरी रंगाचे बूट दुकानाच्या काचेत दिसले, समोर पुठ्ठा: विकणे आहे. मी विचारायला गेलो तर त्या पाठमोऱ्या होऊन रेनकोटांच्या घड्या घालत राहिल्या. "जागा अडती," एवढंच म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये मी दुकानात बसलो असताना एक गिऱ्हाईक आलं. मोटरसायकलवर लडाखला निघालेला इचलकरंजीचा एक गृहस्थ. त्याला ते बूट हवे होते, मापही जुळत होतं. अक्का काचेकडं वळल्या तर काच रिकामी. पुठ्ठाही नाही.

आम्ही तिघांनीही एकदमच पाहिलं. दुकानाच्या आतल्या बाजूला अव्वा खुर्चीत बसल्या होत्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत आवरून घेतलेली आणि पायात ते दोन भलेमोठे मोहरी बूट. पुठ्ठ्यानं त्या वारा घेत होत्या.

"अव्वा, काढा ते," अक्का म्हणाल्या.

"फरशी गार हाय."

"अवो, गिऱ्हाईक आलंय."

"त्याला म्हनावं, म्हातारीचे बूट घेऊन जानार व्हय रं?" अव्वा त्या गृहस्थाकडं बघत म्हणाल्या. मग सुनेकडं वळल्या. आवाज तसाच ठेवला, कमी केला नाही. "मी ह्या घरात आलो तवापासनं तू येस्तवर कोन मोठ्यानं हसलं न्हवतं. तुझा नवरा तुझ्याच हसन्यावर भाळलावता. त्यो गेला, आनि त्ये हसनं मी एकदाच ऐकलं, फोनवर, त्या बर्फातनं. त्ये विकाय काढलंस व्हय?"

बाहेर पाऊस होता. मोटरसायकलवाला गृहस्थ शहाणा, तो रेनकोट बघायला लागला. अक्का अव्वांसमोर खाली बसल्या. मला वाटलं, त्या रडतील. त्यांनी बुटांची नाडी धरली, ओढली आणि म्हणाल्या, "उलटे घातल्यात. डावा उजव्यात हाय." आणि मग अव्वांच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून त्या हसायला लागल्या. आवाज समोरच्या फुटपाथपर्यंत गेला. झेरॉक्सवाला बाहेर आला.

त्या गृहस्थानं रेनकोट घेतला. मांडीवर तांब्या ओतूनच.

त्या हिवाळ्यात अक्का पुन्हा गेल्या. या वेळी मनगटाचे पट्टे आधी आले, बाकी सगळं नंतर. दिरांनीच पुण्याहून आणून दिले. चांगलेच भारी होते. अव्वांजवळ राहायला आणि दुकान बघायला जयसिंगपूरची भाची आली. मी सहल घेऊन पोहोचलो तेव्हा त्या वर होत्या. खालून एवढंच दिसत होतं, की कुणीतरी रुंद खांद्यांचं माणूस आडवं उभं राहून खाली येतंय. फार वेग नव्हता. डौलही नव्हता, गुडघे जरा जास्तच वाकलेले, हात कणीक मळायला घेतल्यासारखे पुढं. पण डावीकडं झुकलं की डावीकडं येत होतं, उजवीकडं झुकलं की उजवीकडं. माझ्यापर्यंत येऊन त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि एवढंच म्हणाल्या, "आलो."

मला त्यांना काहीतरी मोठं म्हणायचं होतं. सुचलं ते असं, "अक्का, चहा?"

"थांबा, अजून एकदा जाऊन येतो."

आता त्या डिसेंबर ते मार्च तिथंच असतात. शाहूपुरीतून जाल तर दुकान उघडं दिसेल. काउंटरवर भाची असेल आणि खुर्चीत अव्वा. अक्का कुठं म्हणून विचारलंत तर अव्वा सांगतील, "बर्फात गेलीया," जसं दुसरं कुणी बाजारात गेलीय म्हणून सांगावं. लोक आता तिथं रस्त्यावरच्याच मोठ्या आवाजात बोलतात. मी शेजारी आहे, भिंतीतून मला सगळं ऐकू येतं. तरी थंडीच्या दिवसांत दुपारी कधी कधी मान वर करतो, कारण काहीतरी कमी आहे असं वाटतं. मग लक्षात येतं, की तो एक आवाज कमी आहे.

तिथं वर त्यांनी त्या मुलीच्या घराखालची खोली घेतली आहे. एक शिलाई मशीन ठेवलं आहे. नवखे येतात; अक्का त्यांच्या विजारी दुरुस्त करून देतात, नसेल त्याला आपली भाड्यानं देतात. गरुडाच्या चित्राचे पाट विकत घेऊन आलेल्यांना चहा पाजतात आणि चार शब्द सुनावतात. मराठी माणूस दिसला की त्याची सुटका नाही.

यंदाच्या जानेवारीत माझ्या बसमधल्या गडहिंग्लजच्या तीन बायका, तिघी पन्नाशीच्या, सकाळी त्यांच्या हाती लागल्या. बस निघायची वेळ झाली तरी त्या तिघी येईनात. शेवटी मागच्या जीपनं पाठवते असा मुलीचा निरोप आला आणि आम्ही निघालो. पहिल्या वळणावर ड्रायव्हरनं न सांगता गाडी हळू केली. उतारावर चौघी एका ओळीत, मधे अक्का, बर्फात बसल्या होत्या, पाय पाटाला बांधलेले. त्यांनी एकमेकींचे हात धरले, जोर लावून सगळ्या एकदम उठल्या, क्षणभर उभ्या राहिल्या, आणि टोकाची एक कलंडली तशी अख्खी ओळ परत खाली बसली. काच बंद होती, आवाज काही येत नव्हता. पण चौघींची तोंडं उघडी होती आणि खांदे हलत होते. त्या पुन्हा हात धरत होत्या, तेवढ्यात बस वळली आणि मधे डोंगर आला.